सुमित्राताई महाजन: आठ निवडणुका, एक खुर्ची आणि आपण इंदूरचे मराठी

धागाकर्ता: रामबागकर

पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांकडून एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की शेवटी धागाच काढतो. "तुमच्या इंदुरात मराठी माणसं खूप, म्हणून सुमित्रा महाजन आठ वेळा निवडून आल्या."

साफ खोटं आहे हे. इंदूर लोकसभेत विधानसभेच्या आठ जागा येतात. शहरातल्या एक ते पाच, शिवाय राऊ, सांवेर आणि देपालपूर. सांवेर-देपालपूरच्या खेड्यांत मराठी घर शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल. शहरातसुद्धा रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, साउथ तुकोगंज असा पट्टा ओलांडला की मराठी कानावर पडणं कमी होत जातं. एवढ्या मतांवर फार तर वॉर्ड जिंकता येईल. लोकसभा नाही, आणि तीही १९८९ पासून २०१४ पर्यंत सलग आठ वेळा तर नाहीच.

मग त्या जिंकल्या कशावर? माझं मत असं की ताईंनी आपलं मराठीपण कधी लपवलं नाही आणि कधी मतांसाठी पुढेही केलं नाही. त्यांचं भांडवल वेगळंच होतं. 'घरातली मोठी बाई' ही जी जागा आपल्या समाजात आहे (मराठीच नव्हे, माळव्यातल्या जैन, अग्रवाल, गुजराती, सिंधी घरांतही तीच), ती त्यांनी राजकारणात आणली. जुन्या वळणाची, पारंपरिक, सनातनी म्हणा हवं तर. पण तीच त्यांची ताकद होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १२ एप्रिल १९४३, चिपळूण. माहेरच्या साठे. वडील संघाचे, त्यामुळे घरातलं वळण तेच. १९६५ मध्ये वकील जयंत महाजन यांच्याशी लग्न होऊन इंदुरात आल्या. एम.ए. आणि एलएल.बी. दोन्ही लग्नानंतर, इथल्याच विद्यापीठातून. १९८२ मध्ये महापालिकेत सदस्य, १९८४-८५ मध्ये उपमहापौर. १९८५ ला विधानसभेची निवडणूक लढवली आणि काँग्रेसच्या महेश जोशींकडून हरल्या. हा पराभव लोक विसरतात. माझ्या मते तो महत्त्वाचा, कारण चार वर्षांनी भाजपनं त्यांना थेट प्रकाशचंद्र सेठींसमोर उभं केलं.

सेठी म्हणजे कोण हे नव्या पिढीला सांगायला हवं. मध्य प्रदेशचे माजी मुख्यमंत्री, देशाचे माजी गृहमंत्री. इंदूरची जागा तेव्हा काँग्रेसचीच समजली जायची. १९६२ ला कामगार नेते होमी दाजी आणि १९७७ च्या जनता लाटेत कल्याण जैन, हे ठळक अपवाद. अशा ठिकाणी विधानसभेला पडलेली, लोकसभेच्या मानानं नवखी बाई उभी राहते आणि लाखाहून जास्त मतांनी जिंकते. बोफोर्सची हवा होती, मान्य. पण हवा एकदा येते, आठदा नाही.

त्या निवडणुकीतली चावीची गोष्ट इथल्या बऱ्याच जणांनी ऐकली असेल. ताई प्रचारात म्हणायच्या की मी इंदूरची सून, सेठीजी घरातले वडीलधारे, तेव्हा आता घराची चावी सुनेकडे द्या. बघा, यात ना मराठी-हिंदी, ना भाषणबाजी, ना सेठींवर चिखलफेक. ज्या माणसाला पाडायचं त्याच्या पाया पडून पाडायचं! माळव्यातल्या कुठल्याही सासूला हे पटकन कळलं असणार.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. वाजपेयी सरकारात राज्यमंत्री (आधी मनुष्यबळ विकास, मग दूरसंचार, मग पेट्रोलियम), ६ जून २०१४ ला बिनविरोध लोकसभाध्यक्ष, मीरा कुमारांनंतरच्या दुसऱ्या महिला. २०२१ मध्ये पद्मभूषण.

तुमचं काय मत? विशेषतः इंदूरबाहेरच्यांचं. फक्त कृपया मोदी-राहुल नको, त्यासाठी दुसरे शंभर धागे आहेत.

---

पोहे_जिरावन

भिया, एवढं लंबं लिहून राहिले तर चहा तरी पाजायचा मधे 😄

पण गोष्ट खरी. आमच्या गल्लीत एकही मराठी घर नाही, अपन एकटेच. तरी सगळ्यांच्या तोंडी 'ताई'च. सिंधी दुकानदार, बोहरा काका, सगळे. 'सुमित्राजी' कोणी म्हटलं तर समजायचं, हा माणूस बाहेरचा आहे.

---

जुनी_इंदूरवाली

रामबागकर, धागा आवडला. पण तुम्ही पुरुषांच्या नजरेनं लिहिलंत, म्हणजे निवडणुकांपासून सुरुवात केलीत. खरी सुरुवात त्याआधीची.

माझी आई आणि तिच्या मैत्रिणी ताईंना राजकारणी म्हणून ओळखायच्या आधी प्रवचनकार म्हणून ओळखत. रामायणावर बोलायच्या. सत्तरच्या दशकातल्या मध्यमवर्गीय मराठी बाईला घराबाहेर पडायची जी दोन-तीन कारणं चालायची, त्यात भजनी मंडळ आणि प्रवचन ही पहिली. सासूबाई त्याला नाही म्हणू शकत नसत. तिथं बसून एक बाई दर वेळी पन्नास-साठ बायकांसमोर तासभर बोलते, कुणाच्या घरात काय चाललंय हे तिला कळतं, कोणाची मुलगी लग्नाची आहे, कोणाचा मुलगा बेकार आहे, कोणाकडे नळाला पाणी येत नाही. अशी बाई पुढे महापालिकेत गेली तर तिला मतदार ओळखायला यादी लागत नाही.

आणि हिंदी. ताईंची हिंदी पुस्तकी नाही, मराठी वळणाची आहे, पण समोरच्या मारवाडी बाईला ती परकी वाटत नाही. कथा-कीर्तनाची हिंदी ती. त्या सभेत ओरडत नसत. आपल्याकडच्या बऱ्याच नेत्यांना माईक दिसला की कोणाला तरी धमकी द्यावीशी वाटते, त्यात हे वेगळेपण उठून दिसायचं.

अहिल्याबाईंचं पण लिहा ना. अहिल्योत्सव समितीचं काम त्यांनी किती वर्षं केलं! अहिल्याबाईंवर नाटक लिहिलं. इंदुरात अहिल्याबाई ही एकच व्यक्ती अशी की जिच्या नावाला ना हिंदीवाला विरोध करेल ना मराठीवाला. विमानतळाला तिचं नाव, विद्यापीठाला तिचं नाव. ताईंनी त्या सावलीत उभं राहून राजकारण केलं. हे मी टीका म्हणून म्हणत नाही, हुशारी म्हणून म्हणतेय.

---

लष्करचा_मुलगा

ग्वाल्हेरहून हजेरी.

आमच्याकडे याच पक्षाची, याच विचारांची दुसरी मोठी बाई होऊन गेली, राजमाता विजयाराजे शिंदे. दोघींची तुलना केली की ताईंचं वेगळेपण जास्त कळतं. राजमाता सागरच्या, माहेर नेपाळी राणा घराण्याशी जोडलेलं, लग्नानं शिंद्यांच्या. १९५७ ला काँग्रेसकडून गुण्यातून खासदार झाल्या, दहा वर्षांनी काँग्रेस सोडली आणि १९६७ मध्ये द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकारच खाली आणलं. आणीबाणीत तिहार. १९८० मध्ये रायबरेलीत खुद्द इंदिराजींसमोर उभ्या राहिल्या, पडल्या, पण उभ्या राहिल्या. हे सगळं करायला मागे महाल लागतो, पैसा लागतो, आणि 'आपण कोण आहोत' हा न बोललेला दरारा लागतो. इथं अजून जुनी माणसं महालाकडे बघून हात जोडतात.

ताईंकडे यातलं काही नाही. वकिलाच्या घरातली सून. १९८९ च्या लोकसभेत मध्य प्रदेशातून भाजपच्या तीन बायका गेल्या त्या बघा: गुण्यातून राजमाता, खजुराहोतून उमा भारती, इंदुरातून सुमित्रा महाजन. एक राणी, एक साध्वी आणि एक गृहिणी. पहिल्या दोघींभोवती आधीपासून वलय होतं. तिसरीकडे ते नव्हतं, आणि सर्वांत जास्त वेळ एकाच जागी तीच टिकली. राजमातांच्या घराण्याचं राजकारण पुढे मुला-नातवंडांत वाटलं गेलं, उमा भारतींना तर पक्षानं काढलं आणि त्या पुन्हा परत आल्या.

(अवांतर: आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी मंडळी राजमातांना आपलं मानतात, पण त्यांच्या तोंडून मराठी ऐकलेला माणूस मला अजून भेटायचाय. कोणाला भेटला असेल तर सांगा.)

---

सूतगिरणी

सगळं छान छान चाललंय म्हणून थोडा खडा टाकतो.

इंदूर हे गिरण्यांचं शहर होतं. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी. परदेशीपुरा, नंदानगर ही वस्ती गिरण्यांच्या भोंग्यावर उठायची. होमी दाजी निवडून आले ते या कामगारांच्या जोरावर. १२ डिसेंबर १९९१ ला हुकुमचंद मिल बंद झाली. तेव्हा खासदार कोण? ताई. कामगारांच्या थकबाकीचा निकाल कधी लागला? डिसेंबर २०२३. सुमारे ४,८०० कामगार, २२४ कोटी. बत्तीस वर्षं! त्यातले कितीतरी जण पैसे बघायला राहिलेच नाहीत, त्यांच्या वारसांनी घेतले.

या बत्तीसपैकी जवळपास अठ्ठावीस वर्षं ताई खासदार होत्या. मधली काही वर्षं मंत्रीही. प्रश्न कोर्टात होता, लिक्विडेटर होता, राज्य सरकार, महापालिका, बँका सगळे होते हे मला माहीत आहे. पण 'घरातली मोठी बाई' म्हणता ना, मग घरातल्या या पोरांच्या ताटाकडे बघायला इतका उशीर का? ज्या घरांत प्रवचनं व्हायची त्या घरांची त्या ताई होत्या. चाळींच्या नव्हत्या. चाळींचं राजकारण 'भाईं'कडे, म्हणजे भाजपच्याच कैलाश विजयवर्गीयांकडे गेलं, हेही त्यातूनच.

---

रामबागकर (धागाकर्ता)

@सूतगिरणी, मुद्दा बिनतोड आहे. मी फक्त एवढंच जोडेन की गिरण्यांचा प्रश्न भाजपच्या कुठल्याच नेत्यानं आपला मानला नाही, काँग्रेसनंही नाही. दाजींनंतर त्या माणसांना आवाजच उरला नाही. कैलाशजींनी नंदानगर बांधलं ते कामगार म्हणून नाही, वस्ती म्हणून. भंडारे, उत्सव, लग्नकार्यं. 'ताई-भाई' हा जो इंदूरचा कायमचा वाद, तो विचारांचा नव्हता, शहराच्या दोन भागांचा होता.

---

अलकापुरी

बडोद्यातून वाचतेय. आमच्याकडे मराठी वस्ती दांडिया बाजार, रावपुऱ्यापासून पसरलेली, गायकवाडांचा वारसा, तरी इथल्या मराठी माणसाला लोकसभेचं तिकीट मागताना कुणी गंभीरपणे घेत नाही. त्यामुळे तुमच्या इंदूरचा हेवाच वाटतो.

एक प्रश्न. ताई लोकसभेच्या अध्यक्ष असताना टीव्हीवर 'बैठिए, बैठ जाइए' करताना दिसायच्या, तेव्हा आमच्या घरात दोन तट पडायचे. बाबा म्हणायचे, शाळेतल्या बाईंसारख्या वागतात. आई म्हणायची, मग काय, समोर पोरंच आहेत. अध्यक्ष म्हणून त्यांचं मूल्यमापन कसं करायचं?

---

विधिज्ञ

अलकापुरी, तुमचा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून सविस्तर.

अध्यक्षपदावरची त्यांची टीकेची यादी मोठी आहे. २०१४ मध्ये काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या, एक दशांश म्हणजे ५५ होत नाहीत म्हणून विरोधी पक्षनेतेपद नाकारलं. परंपरा त्यांच्या बाजूची होती. १९८४ नंतरच्या लोकसभेतही अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता. पण १९७७ चा जो कायदा आहे त्यात दहा टक्क्यांची अट लिहिलेली नाही, अध्यक्षांची मान्यता एवढंच आहे. म्हणजे मनात असतं तर देता आलं असतं.

ऑगस्ट २०१५ मध्ये काँग्रेसचे २५ खासदार पाच दिवसांसाठी निलंबित. जानेवारी २०१९ मध्ये दोन दिवसांत ४५, अण्णाद्रमुक आणि तेलुगू देसमचे. मार्च २०१६ मध्ये आधार विधेयक 'धन विधेयक' ठरवलं, त्यामुळे राज्यसभेच्या हातात फक्त सूचना करणं उरलं. पुढे सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं ते उचलून धरलं, पण न्या. चंद्रचूड यांनी वेगळ्या निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले. मार्च २०१८ मध्ये अविश्वास ठरावाच्या नोटिसा आल्या, तर सभागृहात गोंधळ आहे, ५० जण मोजता येत नाहीत या कारणावरून अख्खं अधिवेशन त्या चर्चेला आल्याच नाहीत. जुलैत आल्या आणि २० जुलैला १२६ विरुद्ध ३२५ नं ठराव पडला. म्हणजे आकड्याची भीती नव्हती. मग मार्चमध्ये का अडलं?

माझं मत: शिस्त ही घरात एकाकडूनच अपेक्षित असते, धाकट्यांकडून. संसदेत सत्ताधारी आणि विरोधी यांत धाकटा-थोरला नसतो. ताईंच्या वळणातली ही अडचण होती. त्या सदस्यांना लागट बोलत नसत, वैयक्तिक कटुता ठेवत नसत, विरोधकही त्यांच्याविषयी आदरानं बोलत. पण खुर्चीचा कल कुठे आहे हे दिसायचं.

आता दुसरी बाजू, जी या धाग्यात कोणी काढली नाही. ताईंचं संसदेतलं सर्वांत चांगलं काम अध्यक्षपदाच्या आधीचं आहे, आणि ते समितीतलं आहे. सप्टेंबर २०११ मध्ये यूपीए सरकारनं नवं भूसंपादन विधेयक आणलं. १८९४ चा इंग्रजांचा कायदा बदलायचा होता. विधेयक ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीकडे गेलं आणि तिच्या अध्यक्ष होत्या सुमित्रा महाजन. मे २०१२ मध्ये अहवाल आला. त्यात समितीनं सरकारच्याही पुढे जाऊन सांगितलं की खासगी कंपन्यांसाठी आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी सरकारनं जमीन ताब्यात घेऊन देऊच नये. कंपनीला जमीन हवी तर तिनं बाजारात जाऊन विकत घ्यावी. शिवाय रेल्वे, महामार्ग, खाणी वगैरेंचे जे कायदे या विधेयकातून वगळले होते, त्यांनाही आत घ्या म्हणून सुचवलं.

हे लिहिणारी समिती सर्वपक्षीय, अध्यक्ष भाजपची, आणि शिफारस अशी की डाव्यांनीही टाळी द्यावी. २०१३ च्या कायद्यात ती पूर्ण उतरली नाही. खासगीसाठी ८० टक्के आणि भागीदारीसाठी ७० टक्के जमीनमालकांची संमती असा मधला मार्ग निघाला.

आणि मग ३१ डिसेंबर २०१४ चा अध्यादेश. पाच प्रकारच्या प्रकल्पांना संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास, दोन्हींतून सूट. १० मार्च २०१५ ला ते विधेयक लोकसभेत मंजूर झालं. लोकसभेच्या अध्यक्ष सुमित्रा महाजन. अध्यक्षाला मत देता येत नाही, बरोबरी झाली तरच. ज्या बाईच्या सहीनं तो अहवाल गेला होता, तिच्याच सभागृहातून त्याच्या उलट विधेयक गेलं. शेवटी राज्यसभेत संख्या नव्हती, देशभर विरोध झाला आणि ऑगस्ट २०१५ अखेर अध्यादेश संपू दिला.

मला विचाराल तर ताईंवर कुणी चरित्र लिहायला घेतलं तर मधलं प्रकरण हे असावं.

---

पोहे_जिरावन

@विधिज्ञ दंडवत. हे आम्हाला इथं राहून माहीत नव्हतं. इंदुरात तर अजून ट्रेनवरच गाडी अटकून आहे.

---

मंडईकर

ट्रेनचं काय?

---

रामबागकर (धागाकर्ता)

@मंडईकर, इंदूर-मनमाड. इंदुरातल्या मराठी माणसाच्या आयुष्यातला सर्वांत जुना वायदा. आज मुंबईला रेल्वेनं जायचं तर रतलाम, बडोदा असा वळसा. सरळ दक्षिणेला सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव करत मनमाडला रूळ गेला तर महाराष्ट्र एकदम जवळ. ताईंनी दर अधिवेशनात, दर रेल्वेमंत्र्यांकडे हा विषय नेला. सर्वेक्षणं झाली, फायलींवर शेरे पडले. त्यांच्या काळात झालं नाही. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. तोवर ताई खासदारकीतून बाहेर पडून पाच वर्षं झाली होती. इंदूर-दाहोदचं तर भूमिपूजन २००८ मध्ये मनमोहनसिंगांच्या हस्ते झालं होतं, ते काम अजून रखडत-रखडत चाललंय.

सूतगिरणी, तुम्ही लिहायच्या आधी मीच लिहितो: हो, आठ टर्मच्या खासदाराकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवायला हरकत नाही. २००९ मध्ये लोकांनी ते मतपेटीतून सांगितलंही होतं. सत्यनारायण पटेलांविरुद्ध ताई फक्त ११,४८० मतांनी वाचल्या. पाच वर्षांनी त्याच पटेलांविरुद्ध ४,६६,९०१. त्यातली ताईंची किती आणि लाटेची किती, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

---

सूतगिरणी

😀 लिहिणारच होतो.

---

मंडईकर

२०१९ ला तिकीट का कापलं? इकडच्या पेपरात नुसतं 'वयामुळे' एवढंच होतं.

---

जुनी_इंदूरवाली

कापलं असं नाही, आणि दिलं असंही नाही. टांगून ठेवलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही असं पक्षात चाललं होतं. ताई त्या एप्रिलमध्ये शहात्तर पुऱ्या करणार होत्या. याद्यांमागून याद्या आल्या, इंदूर रिकामंच. शहरात रोज नवं नाव. शेवटी ५ एप्रिलला ताईंनीच पत्र काढलं: पक्ष निर्णय का घेत नाही, कदाचित संकोच वाटत असेल, तर मीच सांगते, मी लढणार नाही, आता मोकळेपणानं निर्णय घ्या.

ते पत्र मी दोनदा वाचलं. कुठंही शिवी नाही, रडगाणं नाही, आणि तरी वाचणाऱ्याला कळावं की काय वाटलंय. आपल्या आयांनी अशी पत्रं माहेरी लिहिली आहेत. मला तर वाटतं भाजपमध्ये त्या वर्षी ज्या ज्येष्ठांना बाजूला केलं त्यांत एवढं नेमकं कुणीच बोललं नाही.

त्यानंतर शंकर लालवानी उभे राहिले आणि ५,४७,७५४ मतांनी जिंकले. ताईंपेक्षाही जास्त. याचा अर्थ ज्यानं त्यानं लावावा.

---

लष्करचा_मुलगा

अर्थ सरळ आहे. २०१९ पर्यंत इंदूर ताईंचं राहिलं नव्हतं, पक्षाचं झालं होतं. कोणालाही उभं करा.

---

जुनी_इंदूरवाली

@लष्करचा_मुलगा, मग २०२४ बघा. काँग्रेसच्या उमेदवारानं शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. पक्षाच्या लोकांना फार मोठा पराक्रम वाटला. जाहीरपणे नाराजी दाखवली ती ताईंनी. हे करायची काही गरज नव्हती, असं त्या बोलल्या. लोक फोन करून सांगतात आम्ही 'नोटा' दाबणार, हेही त्यांनी सांगितलं. निकालात नोटाला २,१८,६७४ मतं. देशात तोवर कुठल्याही जागेवर एवढी पडली नव्हती. लालवानी अकरा लाख पंचाहत्तर हजारांनी जिंकले, पण शहरात चर्चा नोटाचीच.

सत्तेत असलेल्या स्वतःच्या पक्षाला एक्क्याऐंशीव्या वर्षी 'हे बरं दिसत नाही' म्हणणं, हाही जुन्या वळणाचाच भाग आहे. मर्यादा दोन्ही बाजूंनी असते असं मानणाऱ्या पिढीतल्या त्या.

---

विधिज्ञ

हे अध्यक्षपदावर असताना दिसलं असतं तर माझा वरचा प्रतिसाद निम्मा झाला असता.

---

जुनी_इंदूरवाली

@विधिज्ञ, मान्य. पण खुर्चीवर बसून स्वतःच्या लोकांना रागावणारा अध्यक्ष कोणत्या पक्षानं दिला, तेवढं सांगा. सोमनाथ चॅटर्जींचं नाव घेणार असाल तर त्यांना पक्षानं काढून टाकलं हेही सांगा.

---

विधिज्ञ

तेच नाव घेणार होतो :)

---

अलकापुरी

एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्या निधनाची खोटी बातमी पसरली होती ते आठवतं का? शशी थरूर यांनी श्रद्धांजलीही वाहिली होती, मग काढून टाकली. आमच्या आजीनं तर दिवा लावला होता.

---

पोहे_जिरावन

आठवतं ना. त्या दिवशी अर्ध्या इंदूरनं दुसऱ्या अर्ध्या इंदूरला फोन लावून ठेवले होते. ताईंचाच आवाज ऐकला टीव्हीवर तेव्हा जिवात जीव आला. करोनाचे दिवस, कुणाचं काहीही खरं वाटत होतं.

---

मंडईकर

सगळं वाचलं, भरपूर कळलं. आता एकच: ताईंनंतर इंदुरातून पुढचा मराठी खासदार कोण? नाव आहे का कोणी?

---

रामबागकर (धागाकर्ता)

@मंडईकर, धाग्याचा पहिला परिच्छेद परत वाचा की राव! मराठी म्हणून कोणी होणार नाही. ताईही झाल्या नव्हत्या.

शोधायचंच असेल तर महापालिकेत शोधा. ताई १९८२ मध्ये तिथं गेल्या तेव्हा बायकांसाठी राखीव जागा नावाचा प्रकार नव्हता. तो घटनादुरुस्तीनं १९९३ पासून आला, आणि मध्य प्रदेशात आता निम्म्या जागा महिलांच्या आहेत. म्हणजे दर निवडणुकीत चाळीसेक बायका सभागृहात जातात. त्यांतली एखादी पुढची वीस वर्षं नळ, ड्रेनेज, लग्न-मुंजी करत टिकली तर तिच्याकडे बघू. ती मराठी असेल, सिंधी असेल, मुसलमान असेल.

---

जुनी_इंदूरवाली

चाळीस जातात खऱ्या, पण त्यांतल्या किती जणी स्वतः बोलतात? आमच्या वॉर्डात बोर्डावर बाईंचं नाव बारीक आणि त्याखाली 'पार्षद पती' म्हणून नवऱ्याचा फोटो केवढा तरी. तक्रार घेऊन गेलं की तेच भेटतात. बाई आतून चहा पाठवतात.

जयंत महाजनांचा फोटो ताईंच्या पोस्टरवर कुणी पाहिलाय का? मी तरी नाही. त्या माणसाबद्दलही कधीतरी कोणी लिहायला हवं.